लहान सूचीची गोष्ट : ‘ग्रेप’पासून ‘ग्लिम्प्स’पर्यंत

अमेरिकेच्या नव्या राज्यघटनेला मान्यता मिळावी म्हणून १७८७-८८ मध्ये ८५ निबंध प्रसिद्ध झाले. त्यांतील बहुतेक न्यू यॉर्कच्या वृत्तपत्रांत आले आणि सर्वांखाली सही एकच होती : ‘पब्लियस’. या टोपणनावाआड अलेक्झांडर हॅमिल्टन, जेम्स मॅडिसन आणि जॉन जे असे तिघे होते. पुढे बहुतेक निबंधांचे लेखक निश्चित झाले, पण १२ निबंधांवर हॅमिल्टन आणि मॅडिसन या दोघांचाही दावा राहिला. हा वाद दीडशे वर्षांहून अधिक काळ चालला. विसाव्या शतकात अभ्यासकांनी त्यावर एक नवा मार्ग काढला. लेखकाने काय म्हटले आहे ते बाजूला ठेवावे आणि तो कोणते साधे शब्द किती वेळा वापरतो ते मोजावे, असा तो मार्ग होता.

या मोजणीत रस असलेल्यांपैकी एक होते बेल लॅब्जचे ली मॅकमहन. निबंधांचा मजकूर त्यांच्याजवळ संगणकावर होता, पण युनिक्सवरील ‘एड’ हा संपादक एवढा मजकूर एका वेळी स्मृतीत घेऊ शकत नव्हता. ‘एड’मध्ये एक सोय होती : सर्व ओळींत अमुक नमुना शोध आणि सापडलेल्या ओळी छाप. तिची आज्ञा ‘जी’, ‘आरई’ आणि ‘पी’ या अक्षरांनी लिहिली जाई. केन थॉम्प्सन यांनी तेवढाच भाग वेगळा काढून स्वतंत्र कार्यक्रम केला आणि त्याच अक्षरांवरून त्याचे नाव पडले ‘ग्रेप’. ही हकीकत ब्रायन कर्निगन यांनी सांगितलेली आहे. डग मॅकिलरॉय यांच्या आठवणीत मात्र अशा साधनाची मागणी त्यांनी स्वतः केली होती आणि दुसऱ्या दिवशी ते तयार होते. दोन साक्षीदार आणि दोन हकीकती, हे इतिहासाच्या वाचकाला नवे नाही. नोव्हेंबर १९७३ च्या युनिक्सच्या चौथ्या आवृत्तीत ग्रेप आहे, एवढे निश्चित.

ग्रेपला स्मरण नसते. दिलेली फाइल तो पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचतो, जुळणाऱ्या ओळी दाखवतो आणि सारे विसरून जातो. तोच शब्द उद्या पुन्हा विचारला तर पुन्हा पहिल्या ओळीपासून आरंभ. पेशवे दफ्तरात एक नाव शोधायला आलेल्या माणसाने दर खेपेस प्रत्येक रुमाल सोडावा आणि प्रत्येक कागद वाचून रुमाल पुन्हा बांधावा, तसा हा प्रकार आहे. रुमाल दहा असतील तोवर यात काही बिघडत नाही.

रुमाल वाढले की सूची करावी लागते, आणि हे ज्ञान संगणकाहून फार जुने आहे.

तेराव्या शतकात पॅरिसच्या सेंट-जॅक मठात ह्यू ऑफ सेंट-शेर या डॉमिनिकन पंडिताच्या देखरेखीखाली लॅटिन बायबलची शब्दसूची तयार झाली. १२४० च्या सुमारास ती पुरी झालेली होती. या कामावर पाचशे भिक्षू होते असे परंपरा सांगते, आणि परंपरेचे आकडे नेहमीच उदार असतात. लक्ष देण्याजोगी आहे ती सूचीची रचना. त्या वेळी बायबलला अध्यायांचे आकडे होते, पण श्लोकांचे आज रूढ असलेले आकडे नव्हते. ते १५५१ मध्ये रोबेर एस्तिएन या मुद्रकाच्या आवृत्तीत आले. मग शब्दाचे स्थान सांगावे कसे? मठातल्या मंडळींनी प्रत्येक अध्यायाचे मनाने सात भाग कल्पिले आणि त्यांना लॅटिन वर्णमालेतील पहिली सात अक्षरे दिली. सूचीत शब्दापुढे एवढेच लिहिलेले असे : ग्रंथ, अध्याय, भागाचे अक्षर. त्या सातव्या हिश्श्यात शब्द नेमका कोठे आहे, हे वाचकाने स्वतः वाचून शोधायचे.

पुढे इंग्लंडहून आलेल्या डॉमिनिकनांनी प्रत्येक शब्दाबरोबर त्याचे वाक्यही उतरवून घेतले. सूची अधिक उपयोगी झाली आणि इतकी फुगली की वापरणे अवघड झाले. तिसऱ्या प्रयत्नात वाक्ये छाटून आटोपशीर करावी लागली. सूचीत किती लिहावे आणि किती वाचकावर सोपवावे, या प्रश्नावर एकाच शतकात तीन उत्तरे होऊन गेली.

युनिक्सच्या जगात हा प्रश्न प्रथम फाइलींच्या नावांपुरता सुटला. १९८३ मध्ये जेम्स वुड्स यांनी एका छोट्या लेखात अशी पद्धत मांडली की डिस्कवरील सर्व फाइलींच्या नावांची यादी आधीच करून, दाबून ठेवावी आणि शोध त्या यादीतच घ्यावा. ‘लोकेट’ ही आज्ञा याच कुळातली आहे. यादी बहुधा रात्री, काम थांबल्यावर, ताजी केली जाई. पण तिला ठाऊक असत ती नावे. फाइलीच्या आत काय लिहिले आहे, याची तिला वार्ता नसे.

आतला मजकूर शोधायचा तर प्रत्येक शब्दाची सूची हवी. मोठ्या ग्रंथालयांच्या आणि कायद्याच्या संग्रहांसाठी अशा सूची तेव्हा होत्याच, पण त्यांची भूक मोठी होती. शब्द जेथे जेथे येतो त्या प्रत्येक जागेची नोंद ठेवायची तर सूची मूळ मजकुराच्या निम्म्याएवढी होते, कधी मजकुराच्या तिप्पटही होते. डिस्क काहीशे मेगाबाइटांची असताना सामान्य माणसाने आपली पत्रे, टिपणे आणि कच्चे खर्डे शोधण्यासाठी एवढी जागा कोठून आणावी?

ॲरिझोना विद्यापीठातील उदी मॅनबर आणि त्यांचे विद्यार्थी सन वू यांनी १९९३ मध्ये याला जे उत्तर दिले, त्यात सेंट-जॅकच्या मठाची छाया दिसते. त्यांना त्या मठाची आठवण होती असा दावा येथे नाही. अडचण सारखी होती, म्हणून तोड सारखी निघाली. त्यांच्या साधनाचे नाव ‘ग्लिम्प्स’. जानेवारी १९९४ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या युझनिक्स परिषदेत त्यांनी त्यावर निबंध सादर केला. पुढच्या आवृत्त्यांत बुर्रा गोपाल हेही सहकर्ते झाले, आणि सन वू तोवर तैवानच्या चुंग चेंग विद्यापीठात गेले होते.

रचना अशी होती. वापरणारा कमांड लाइनवर ‘ग्लिम्प्सइंडेक्स’ लिहून पुढे आपल्या निर्देशिकेचे नाव देई. कार्यक्रम तिच्यातील सर्व फाइली वाची आणि सगळ्या मजकुराचे जास्तीत जास्त २५६ गट पाडी. २५६ का? गटाचा क्रमांक एका बाइटात मावावा म्हणून. सूचीत शब्दापुढे फक्त तो ज्या गटांत आला त्या गटांचे क्रमांक राहत. ओळ नाही, पान नाही, नेमकी फाइलही नाही. २०० मेगाबाइटांचा संग्रह असेल तर एक गट पाऊण मेगाबाइटाहून थोडा मोठा होई, आणि सूची मजकुराच्या शेकडा २ ते ४, म्हणजे ४ ते ८ मेगाबाइट. त्याच मजकुराची संपूर्ण सूची १०० मेगाबाइटांच्या आत क्वचितच बसली असती.

मग ‘ग्लिम्प्स’ या आज्ञेपुढे शब्द द्यायचा. कार्यक्रम सूचीतून गट काढी आणि त्या गटांतील फाइली ग्रेपच्याच रीतीने पहिल्या ओळीपासून वाची. या वाचनासाठी वू आणि मॅनबर यांनी आधीच ‘एग्रेप’ हे साधन घडवले होते. त्याचे वैशिष्ट्य असे की चुका माफ केल्या जात. आज्ञेत उणे चिन्ह घालून १ लिहिले की एका अक्षराचा फरक चाले, २ लिहिले की दोन अक्षरांचा. सूची इतकी लहान होती की तीही एग्रेपनेच आरंभापासून शेवटपर्यंत वाचली जाई, त्यामुळे चुकीचे स्पेलिंग सूचीच्या दारातच अडकून पडत नसे. इंग्रजी कागदपत्रांत पुण्याचे नाव कधी शेवटी ‘एच’ लावून येते, कधी न लावता. संपूर्ण सूचीला ते दोन निरनिराळे शब्द वाटतात. ग्लिम्प्सला एका चुकीची मुभा दिली की दोन्ही सापडत.

दोष होताच, आणि कर्त्यांनी तो लपवला नाही. शब्द फार नित्याचा असेल तर तो जवळजवळ सर्व गटांत असतो. अशा वेळी सूचीचा उपयोग शून्य, आणि सारा मजकूर वाचण्यावाचून गत्यंतर नाही. संग्रह फार वाढला तर प्रत्येक गटही फुगतो. माणसाच्या एका आयुष्यातल्या कागदांसाठी हे साधन होते, जगाच्या ग्रंथालयासाठी नव्हे.

डिस्क स्वस्त झाल्या आणि काटकसरीचे कारणच उरले नाही. ऑक्टोबर २००४ मध्ये गूगल डेस्कटॉप आले, एप्रिल २००५ मध्ये ॲपलचे स्पॉटलाइट. दोन्ही संपूर्ण सूचीवर उभी होती. स्पॉटलाइटला ‘एमडीफाइंड’सारख्या आज्ञा होत्या आणि आजही आहेत, पण सूची बनवण्याची आज्ञा आता कोणी देत नाही. ती पडद्याआड आपोआप बनत राहते. सोय मोठी झाली, यात शंका नाही. परंतु काहीतरी हातातून गेलेही. ग्लिम्प्सची सूची वापरणाऱ्याच्या घरनिर्देशिकेत, टिंबाने सुरू होणाऱ्या काही फाइलींत असे. कोणत्या फाइली घेतल्या ते एका फाइलीत पाहता येई, आणि कोणत्या वगळायच्या ते दुसरीत लिहिता येई. २००६ मध्ये गूगल डेस्कटॉपने एका माणसाच्या अनेक संगणकांवर एकत्र शोध घेण्याची सोय दिली. त्यासाठी मजकुराच्या प्रती गूगलच्या सर्व्हरवर जात, आणि इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशनने ती सोय वापरू नका असा जाहीर सल्ला दिला. ते साधन २०११ मध्ये बंद झाले. आज्ञा देऊन सूची करण्याची जुनी रीत मात्र ‘रिकॉल’सारख्या मुक्त साधनात टिकली आहे. तिथे ‘रिकॉलइंडेक्स’ ही आज्ञा हाताने चालवता येते, आणि सूची आपल्याच डिस्कवर राहते.

मराठीत या सगळ्याची गाठ वेगळीच पडते. १९९० च्या दशकात टंकलिखित झालेला बराच मराठी मजकूर फॉन्टच्या खाजगी संकेतांत आहे. पडद्यावर ‘रायगड’ दिसते, फाइलीत मात्र रोमन चिन्हांची खिचडी असते. अशा फाइलींची सूची नीट बनते, कोणतीही तक्रार न करता बनते, आणि ‘रायगड’ विचारले की काहीही सापडत नाही. मजकूर आधी युनिकोडमध्ये आणल्याशिवाय येथे कोणतेच साधन कामाचे नाही.

युनिकोडमध्ये आणल्यावरही एक गंमत उरते. युनिकोड साठवण्याची यूटीएफ-८ ही पद्धत १९९२ मध्ये घडवली ती रॉब पाइक यांच्यासह त्याच केन थॉम्प्सन यांनी. तीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते, आणि एग्रेप तर चुका बाइटांनी मोजतो. ‘पुणे’चे ‘पूणे’ झाले तर एकच बाइट बदलतो, म्हणून चूक एक. पहिल्या वेलांटीची दुसरी झाली तर दोन बाइट बदलतात, म्हणून चुका दोन. अनुस्वार गळला तर तीन. ऱ्हस्व-दीर्घाचा एकच दोष, पण उकाराला एक दंड आणि इकाराला दुप्पट.

दुसरीकडे, संपूर्ण सूचीला ‘पेशवा’, ‘पेशव्यांनी’ आणि ‘पेशव्यांकडील’ हे तीन शब्द वाटतात. मराठीची प्रत्ययरचना तिला कोणी शिकवली नसेल तर एक विचारल्यावर दुसरे दोन येत नाहीत. पन्नाशी उलटलेल्या ग्रेपला व्याकरण मुळीच येत नाही. त्याला ‘पेशव’ एवढेच द्यावे. तो पहिल्या ओळीपासून वाचू लागतो आणि तिन्ही काढून देतो.