तत्त्वज्ञानाच्या मांडवात बाबासाहेब कुठे?

तत्त्वज्ञान परिषद म्हटली की आपली पोरं म्हणतात, ते आपलं काम नव्हे. हे त्यांना आपोआप वाटत नाही. तसं वाटायला लावलेलं आहे.

1916 साली अमळनेरला प्रताप शेठ यांनी तत्त्वज्ञान मंदिर उभं केलं. अभ्यासाचा गाभा अद्वैत वेदान्त. त्याच वर्षी 9 मे रोजी कोलंबिया विद्यापीठात गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात बाबासाहेबांनी भारतातील जातींवर निबंध वाचला. इकडे ब्रह्म एकच असल्याची सिद्धता, तिकडे माणसं वेगळी कशी केली गेली याची चिकित्सा! 1925 साली कलकत्त्यात रवींद्रनाथांच्या अध्यक्षतेखाली इंडियन फिलॉसॉफिकल काँग्रेस सुरू झाली. दोनच वर्षांनी महाडला मनुस्मृती जाळली गेली. नीतिशास्त्राचा याहून मोठा प्रश्न त्या दशकात या देशात कुणी विचारला, हे आम्हाला कुणीतरी दाखवावं.

बाबासाहेब जॉन ड्युईंचे विद्यार्थी. हिंदू धर्माच्या तत्त्वज्ञानावरचं त्यांचं हस्तलिखित न्याय आणि उपयुक्ततेच्या कसोटीवर धर्म तपासतं. ते छापून यायला 1987 उजाडलं. तरी विद्यापीठीय परिषदांत त्यांना बहुधा ‘सामाजिक विचारवंत’ या सत्रात बसवतात. ज्ञानमीमांसा, तर्क, नीती ही मुख्य सत्रं इतरांची. बौद्ध दर्शन तर ‘नास्तिक’ या खात्यात. वेदप्रामाण्य आणि जातीचा गर्व यांना जड बुद्धीची लक्षणं ठरवणारा धर्मकीर्ती प्रमाणशास्त्रापुरता शिकवतात, त्याचा हा भाग मात्र सहसा गाळतात. (गाळणारे अभ्यासू असतात, हे विशेष.)

आता बीडचं पाहू. मराठवाडा विद्यापीठ 1958 चं. नामांतराचा ठराव 1978 चा, नामविस्तार 14 जानेवारी 1994 चा. मधली सोळा वर्षं आपल्या वस्त्यांनी काय सोसलं, ते घरोघरी माहीत आहे. त्याच 1994 मध्ये नांदेडचं स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठ झालं. बीड औरंगाबादकडे राहिलं, लातूर-परभणी नांदेडकडे गेलं. म्हणजे अंबाजोगाई-परळीच्या मुलाला शेजारच्या विद्यापीठातली परिषद एका एसटीच्या अंतरावर. ज्या नावासाठी माणसं मेली, त्या नावाच्या विद्यापीठाचा विद्यार्थी तिथे श्रोता म्हणून मागच्या रांगेत बसणार असेल, तर पाटी बदलली एवढंच.

म्हणून निबंध पाठवा. शीर्षक ‘बाबासाहेबांचे सामाजिक विचार’ नको. ‘बंधुता हे मूल्य ड्युईंकडून आलं की बुद्धाकडून?’ असं काही घ्या, आणि अर्जावर सत्राच्या रकान्यात ‘नीतिशास्त्र’ लिहा. आयोजकांनी खोडून दुसरीकडे टाकलं, तर कारण लेखी मागा.