डाळ शिजवणारं पाणी, जीव राखणारं पाणी



तूरडाळ शिट्ट्यांवर शिट्ट्या होऊनही दाताखाली येते, साबणाला फेसाऐवजी चिकट साय धरते, हंड्याच्या तळाला पांढरी पुटं चढतात. मग आपण म्हणतो, पाणी जड आहे. आज आम्ही या जड पाण्याचा इतिहास सांगणार आहोत. तो घडला दूर लंडनच्या उपनगरांत, पावणेदोनशे वर्षांपूर्वी. पण ऐकताना आपलाच नळ डोळ्यांपुढे येईल.

पावसाचं पाणी मऊ असतं. ते जमिनीत मुरतं, खडकांतून झिरपतं, तेव्हा कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार विरघळवून घेतं. हे क्षार म्हणजेच जडपणा. आपल्या काळ्या खडकातल्या खोल बोअरचं पाणी अनेकदा यामुळेच जड लागतं. लंडनची थेम्स नदी चुनखडीच्या प्रदेशातून येते, म्हणून तिचंही पाणी जड.

हा जडपणा मोजायचा कसा? स्कॉटलंडमधल्या अ‍ॅबर्डीनचे रसायनशास्त्राचे प्राध्यापक थॉमस क्लार्क यांनी 1840 च्या सुमारास सोपी रीत काढली. बाटलीत मोजून पाणी घ्यायचं, साबणाचं द्रावण थोडं थोडं घालून हलवायचं. फेस टिकायला जितका जास्त साबण लागेल, तितकं पाणी जड. म्हणजे शास्त्रज्ञाचं माप निघालं ते धुण्याच्या दगडावरचंच! बायकांना ते आधीपासून ठाऊक होतं, क्लार्क यांनी त्याला आकडा दिला.

तेव्हा इंग्लंडात साबणावर कर होता, तो 1853 मध्ये उठला. जड पाण्यात धुणं म्हणजे पैसा वाहून जाणं. म्हणून 1850 साली तिथल्या सरकारी आरोग्य मंडळानं सुचवलं, थेम्स सोडा आणि वाळूच्या जमिनीतलं मऊ पाणी शहराला आणा. साबण वाचेल, चहा वाचेल, कपडे टिकतील. ती योजना झाली नाही. पण खरा धोका साबणाच्या हिशेबात दिसतच नव्हता.

दक्षिण लंडनच्या वस्त्यांत दोन खासगी कंपन्यांचे नळ होते. एकाच गल्लीत या घरी एकीचा, शेजारच्या घरी दुसरीचा. 1852 मध्ये लँबेथ कंपनीनं आपलं पाणी शहराच्या वर, नदी स्वच्छ असते तिथून उचलायला सुरुवात केली. दुसरी, साउथवर्क अँड व्हॉक्सहॉल कंपनी, बॅटरसीलाच राहिली. तिथं नदीत शहराचं सांडपाणी मिसळत होतं.

1854 मध्ये पटकी, म्हणजे कॉलरा, पसरला. जॉन स्नो नावाचे डॉक्टर दारोदार फिरले. नळ कोणाचा, हे पुष्कळ भाडेकरूंना माहीतच नव्हतं, कारण पट्टी घरमालक भरायचे. मग स्नो यांनी मिठाचा आधार घेतला. समुद्राची भरती आणि सांडपाणी यांमुळे बॅटरसीच्या पाण्यात लँबेथपेक्षा सुमारे चाळीसपट मीठ होतं. बाटलीभर पाण्यात चांदीच्या क्षाराचं द्रावण टाकलं की पांढरा साका किती येतो, त्यावरून नळाचा मालक कळायचा.

पहिल्या सात आठवड्यांचा हिशेब असा निघाला : दर 10,000 घरांमागे बॅटरसीच्या पाण्यावर 315 मृत्यू, लँबेथच्या पाण्यावर 37.

मैत्रिणींनो, दोन्ही पाणी त्याच जड नदीचं होतं. माणसं चुन्यानं मेली नाहीत, मिठानंही नाही. मिठानं फक्त चुगली केली. जीव घेतला तो मैल्यातल्या जंतूंनी.

हा फरक आपल्यालाही लक्षात ठेवायचा आहे. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात जडपणा लिटरला 200 मिलिग्रॅमपर्यंत असावा. दुसरी सोय नसेल तर 600 पर्यंत चालतो. मैल्यातल्या ई-कोलाय जंतूला मात्र सूट नाही. 100 मिलिलिटर पाण्यात तो एकही आढळता कामा नये. जडपणात थोडी ढील आहे, जंतूत नाही.

शहरालगतच्या गावांना हे जास्त लागू पडतं. घरं भराभर वाढतात, नळ, टँकर, बोअर आणि गटार शेजारी शेजारी येतात. जानेवारी 2025 मध्ये पुण्याच्या सिंहगड रस्त्यावर नांदेड, किरकटवाडी, धायरी भागात हातापायांतली ताकद घालवणाऱ्या जीबीएस आजाराचे रुग्ण वाढले. तेव्हा संशय पिण्याच्या पाण्यावरच गेला. पाणी नितळ दिसलं, जारचं पाणी गोड लागलं, एवढ्यानं भागत नाही.

तुरटी गाळ बसवते, जंतू मारत नाही. उकळल्यानं जंतू मरतात, जडपणा मात्र थोडाच उतरतो. डाळीसाठी पावसाचं पाणी साठवता येतं. पण पिण्याच्या पाण्याची तपासणी गावानंच करायला हवी. जलजीवन मिशनमध्ये प्रत्येक गावातल्या पाच महिलांना तपासणी संच वापरायला शिकवायचं ठरलेलं आहे. जंतूंच्या तपासणीच्या बाटलीत पाणी काळं झालं, तर ते पिऊ नये. टीसीएल पावडर नीट पडली का, हे ओटी चाचणीच्या पिवळ्या रंगावरून कळतं.

येत्या ग्रामसभेत आपण दोनच प्रश्न विचारूया. आपल्या गावच्या त्या पाच जणी कोण? आणि शेवटची तपासणी कधी झाली?