चंद्रकांता (दूरदर्शन मालिका) आणि तिचा वऱ्हाडातील प्रेक्षक

चंद्रकांता : देवकीनंदन खत्री (१८६१–१९१३) यांच्या त्याच नावाच्या हिंदी कादंबरीवर आधारलेली दूरदर्शन मालिका. प्रक्षेपण १९९४ ते १९९६, राष्ट्रीय वाहिनीवर, रविवारी सकाळी. निर्मिती नीरजा गुलेरी, दिग्दर्शन सुनील अग्निहोत्री. लेखनात हिंदीतील नामवंत कथाकार कमलेश्वर यांचा सहभाग. शिखा स्वरूप (चंद्रकांता), शाहबाज खान (वीरेंद्रसिंह), पंकज धीर (शिवदत्त), अखिलेंद्र मिश्रा (क्रूरसिंह), मुकेश खन्ना (जांबाज) आणि इरफान खान (बद्रीनाथ) या प्रमुख भूमिका. शीर्षकगीत सोनू निगम यांच्या आवाजात. प्रस्तुत नोंद मालिकेच्या कथेपेक्षा तिच्या प्रेक्षकांविषयी, त्यातही यवतमाळ–दारव्हा रस्त्यावरील बोरी अरबसारख्या वऱ्हाडातील गावांमध्ये ती ज्या रीतीने पाहिली गेली त्याविषयी आहे.

मूळ कादंबरी १८८८ च्या सुमारास प्रसिद्ध झाली. ती चार भागांची. खत्री यांच्याकडे काशीनरेशांच्या मुलखातील चकिया आणि नौगढ येथील जंगलांचा ठेका होता. तिथल्या पडक्या गढ्या, गुहा आणि खोरी त्यांच्या पायाखालची होती. ठेका सुटल्यावर त्यांनी हाच भूगोल कथेत आणला. नौगढचा राजपुत्र, विजयगढची राजकन्या, दोन घराण्यांचे वैर, चुनारगढचा शिवदत्त हा तिसरा दावेदार, एवढा सांगाडा कोणत्याही राजाराणीच्या गोष्टीचा आहे. कादंबरी वेगळी ठरते ती ‘ऐयार’ मंडळींमुळे. वेषांतर, पाठलाग, चोरून ऐकणे, पावलांच्या खुणा ओळखणे, बेशुद्ध करणे आणि शुद्धीवर आणणे या सर्व विद्या जाणणारा राजाच्या पदरचा हेर म्हणजे ऐयार. खांद्याला बटवा, कमरेला कमंद (चढण्या-बांधण्याचा फासाचा दोर), बटव्यात बेशुद्धीची पूड आणि शुद्धीवर आणणारा लखलखा. नायकाचा तेजसिंह आणि नायिकेची चपला हे खरे तर कादंबरीचे नायक-नायिका. ऐयाराने ऐयाराचा जीव घ्यायचा नाही, पकडले तर कैदेत ठेवायचे, असा त्यांचा आपसांतला रिवाज आहे. त्यामुळे पानोपानी कैद, सुटका आणि पुन्हा कैद असा डाव रंगतो. लखनौच्या नवलकिशोर छापखान्यातून १८८३ पासून निघू लागलेल्या ‘तिलिस्म-ए-होशरुबा’ या उर्दू दास्तानीत ऐयार आणि तिलिस्म (मायावी, भूलभुलैयासारखी जागा) दोन्ही आधीच होते. खत्रींनी त्यांतली जादू काढून टाकली आणि हेरगिरी ठेवली.

हा मुद्दा मालिकेच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. खत्रींचे तिलिस्म मंत्राने चालत नाही, ते कळीने चालते. भग्नावशेषात बसलेला दगडी बगळा जवळ आलेल्या माणसाला गिळतो, हे वाचताना अंगावर काटा येतो. पण पुढे त्याची कळ कशी बसवली होती ते लेखक सांगून टाकतो. कथेतली गूढ वनकन्या कोण, हे कोडेही तो वाचकापुढे पुरेसे धागेदोरे ठेवूनच घालतो (उत्तर येथे देणे बरे नव्हे). म्हणजे ‘चंद्रकांता’ हे अद्भुताचा पेहराव केलेले डिटेक्टिव्ह कथानकच आहे. दूरदर्शनच्या मालिकेने हा पेहराव उचलला आणि आतले यंत्र बरेचसे सोडून दिले. पडद्यावर माणसे रूपे पालटू लागली, हातातून किरण निघू लागले, मेलेली पात्रे परतली. चार भागांच्या कादंबरीवर शंभराहून अधिक भाग उभे करायचे तर नवी पात्रे, नवी राज्ये आणि नवी संकटे लागणारच. ती आली, आणि मूळ प्रेमकथा आठवडेच्या आठवडे दिसेनाशी झाली.

मराठी मुलखात ‘चंद्रकांता’ला पोषक जमीन आधीपासून होती, हे सहसा विसरले जाते. मराठी कादंबरीच्या सुरुवातीच्या काळातच ‘मुक्तामाला’ (१८६१) सारख्या अद्भुतरम्य कथा आल्या. पुढे नाथमाधवांची ‘वीरधवल’ आणि गो. ना. दातारशास्त्री यांची ‘कालिकामूर्ती’, ‘इंद्रभुवनगुहा’ यांनी भुयारे, गुप्त दरवाजे आणि वेषांतरे घरोघर नेली. बाबूराव अर्नाळकरांचे झुंजार, काळापहाड आणि धनंजय–छोटू हे तालुक्याच्या वाचनालयांत सर्वाधिक हाताळले गेलेले नायक. नारायण धारपांनी ‘समर्थ’ मालिकेत अमानवी प्रकारांचा छडा लावणारा पुरुष निर्माण केला. मराठीत अद्भुत आणि शोधकथा यांचा इतका थेट मेळ दुसऱ्या कोणी घातलेला नाही. या साऱ्या वाचनावर वाढलेला माणूस रविवारी टीव्हीसमोर बसला तेव्हा भुयार आणि बटवा त्याला नवखे नव्हते. मात्र खत्री त्याने वाचलेले नव्हते. गावच्या वाचनालयात हिंदी कपाट असलेच तर त्यात प्रेमचंद असायचे.

याचा परिणाम प्रतिक्रियेवर झाला. कादंबरीची मालिका झाली की वाचक प्रेक्षक मूळ पुस्तक हातात धरून चुका काढतो, हा सर्वत्रचा अनुभव. अमेरिकेत जिम बुचर यांच्या जादूगार-डिटेक्टिव्ह हॅरी ड्रेस्डेनच्या कादंबऱ्यांवर २००७ मध्ये ‘द ड्रेस्डेन फाइल्स’ ही बारा भागांची मालिका आली, तेव्हा वाचकांचा राग तपशिलांवर होता : नायकाची जुनी फोक्सवॅगन जाऊन जीप का आली, जादूच्या दंडाऐवजी हॉकी स्टिक कशाला, कवटीत राहणाऱ्या बॉब या आत्म्याला धडधाकट माणसाचे रूप का दिले. मराठीत असाच प्रकार फास्टर फेणेबाबत झाला. भा. रा. भागवतांचा फुरसुंगीचा बनेश फेणे हा शाळकरी पोरगा. दूरदर्शनच्या मालिकेत सुमीत राघवनने तो साकारला तेव्हा वय जुळले. २०१७ च्या आदित्य सरपोतदार दिग्दर्शित चित्रपटात अमेय वाघचा फेणे तरुण झाला, आणि लहानपणी पुस्तके वाचलेल्यांना ते पचायला वेळ लागला. खुद्द भागवतांनाच पात्र करून दिलीप प्रभावळकरांकडे दिल्यामुळे तक्रारीची धार बोथट झाली, ही त्या चित्रपटाची हुशारी. ‘चंद्रकांता’च्या वऱ्हाडी प्रेक्षकाला मात्र ताडून पाहायला पुस्तकच नव्हते. त्याच्यासाठी मालिका हीच मूळ संहिता होती. म्हणून त्याची तक्रार ‘पुस्तकात असं नव्हतं’ ही नव्हती. ‘गोष्ट पुढं कधी सरकते’ ही होती, आणि ती जास्त मूलभूत आहे.

वऱ्हाडात हिंदीची अडचण पडली नाही, यालाही इतिहास आहे. विदर्भ १९५६ पर्यंत नागपूर राजधानी असलेल्या मध्य प्रदेशात होता, बाजारात, एस.टी. स्टँडवर आणि मोहल्ल्यात हिंदी-उर्दू कानावर पडतच होती, आणि शाळेत पाचवीपासून हिंदी होती. अमात्य, ऐयार, तिलिस्म, साजिश हे शब्द पोरांनी कोशाशिवाय उचलले. खाजगी मराठी वाहिनी तेव्हा अस्तित्वातच नव्हती (अल्फा मराठी १९९९ ची). केबल मोठ्या शहरांत शिरली होती, पण खेड्यात छतावरच्या अँटेनाने जे पकडले तेवढेच जग. रामायण (१९८७–८८) आणि महाभारत (१९८८–९०) यांनी रविवारची सकाळ आधीच राखून ठेवली होती. ‘चंद्रकांता’ त्या राखीव जागेवर येऊन बसली. फरक एकच. रामायणाला हात जोडून बसलेली म्हातारी माणसे ‘चंद्रकांता’ला उठून गेली आणि त्यांची जागा मुलांनी घेतली.

पाहण्याची रीत अशी : टीव्ही ज्याच्या घरी त्याच्या ओसरीत आळीतली पोरे आधीच येऊन टेकलेली. एक जण छतावर, एक दारात, एक टीव्हीजवळ. छतावरचा अँटेनाचा पाइप फिरवतो, टीव्हीजवळचा ‘आलं, आलं, गेलं’ ओरडतो, दारातला तेच वर पोचवतो. शीर्षकगीत सुरू झाले की छतावरचा पाइप आहे तसा सोडून खाली धावतो, आणि तेवढ्यात वाऱ्याने तो हलला की पुन्हा वर कोण जाणार यावर भांडण. ‘लाईन’ गेली तर ज्याच्याकडे ट्रॅक्टर त्याच्या बॅटरीवर बारा व्होल्टचा छोटा संच लावायचा. संच बहुधा कृष्णधवल. ही गोष्ट मालिकेच्या पथ्यावर पडली, असे प्रस्तुत नोंदकाराचे मत आहे. आज रंगीत पडद्यावर ते भाग पाहिले की पुठ्ठ्याचे खडक, चकचकीत कापड आणि हाताने रंगवल्यासारखे किरण लपत नाहीत. काळ्यापांढऱ्या मुंग्यांच्या पडद्याआड ते सर्व खपून गेले.

प्रतिसादाचा केंद्रबिंदू नायक नव्हता, नायिकाही नव्हती. तो क्रूरसिंह होता. वर वळलेल्या जाड भुवया, फिरणारे बुबुळ आणि वाक्याला वाक्याला ‘यक्कू’. मूळ कादंबरीत क्रूरसिंह हा विजयगढच्या दिवाणाचा मुलगा, दुय्यम खलनायक. कथानक पुढे जाते तसा तो मागे पडतो आणि खरा सामना शिवदत्ताशी होतो. मालिकेने त्याला मागे पडू दिले नाही, कारण प्रेक्षकाने पडू दिले नाही. शाळेत पोरे काजळाने किंवा चुलीतल्या कोळशाने भुवया कपाळापर्यंत ओढून ‘यक्कू’ म्हणत फिरत. कडक मास्तरांना वर्गात मागून क्रूरसिंग हे नाव पडे. अखिलेंद्र मिश्रा पुढे बऱ्याच चित्रपटांत दिसले, पण त्या पिढीने त्यांना नाव विचारले नाही. ज्या खलनायकाची भीती वाटण्याऐवजी नक्कल करावीशी वाटते, तो खलनायक म्हणून फसलेला असतो आणि पात्र म्हणून जिंकलेला. येथे तसेच झाले.

याउलट इरफान खानचा ऐयार बद्रीनाथ त्या वेळी फारसा कोणाच्या लक्षात राहिला नाही. तो आवाज न चढवता बोलतो. आरडाओरड्याच्या मालिकेत तो बाजूला पडला. २०२० मध्ये त्यांच्या निधनानंतर जुने भाग शोधून पाहणाऱ्यांना तो ‘सापडला’. प्रेक्षकाच्या पसंतीचा मागाहून झालेला एवढा ठळक फेरविचार या मालिकेत दुसरा नाही.

मोठ्यांच्या तक्रारी दोन प्रकारच्या. पहिली, कथा ताणल्याची. मेलेला माणूस परत आला की ओसरीत हशा व्हायचा, आणि त्या हशात पुढच्या रविवारचा उत्साह थोडा थोडा झिजत गेला. दुसरी, मुलांच्या डोक्यात जादूटोणा भरत असल्याची. महाराष्ट्रात अंधश्रद्धा निर्मूलनाची चळवळ तेव्हा जोमात होती, डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी १९८९ मध्ये स्थापलेली समिती गावोगाव चमत्कारांचे प्रयोग उलगडून दाखवत होती. त्यामुळे जागरूक शिक्षकाला ही मालिका खुपणे स्वाभाविक होते. यातली गंमत अशी की, खत्रींचे मूळ पुस्तक या शिक्षकांच्याच बाजूचे आहे. प्रत्येक चमत्कारामागे कळ असते, असे सांगणारी ती कादंबरी. मालिकेने कळ दाखवली असती, बगळा कसा गिळतो ते उलगडले असते, तर शंका विचारणाऱ्या पोराला तिने जास्त दिले असते आणि रहस्याचा दमही टिकला असता. जादूने सुटणारे कोडे प्रेक्षकाला सोडवता येत नाही. त्याला नुसते बघत बसावे लागते. तेजसिंह आणि चपला यांच्या हेरगिरीला पडद्यावर पुरेसा वाव न देणे ही मालिकेची सर्वांत मोठी चूक होय.

१९९६ मध्ये प्रक्षेपण थांबले. १९९७ मध्ये मुकेश खन्ना ‘शक्तिमान’ म्हणून आले तेव्हा पोरे त्यांना महाभारतातील भीष्म आणि जांबाज या दोन्ही नात्यांनी ओळखत होती. पुढे या कथेवर आणखी प्रयत्न झाले. सुनील अग्निहोत्री यांनी २०११ मध्ये सहारा वन वाहिनीसाठी ती पुन्हा केली. २०१७ मध्ये तर एकाच वर्षी दोन वाहिन्यांवर दोन चंद्रकांता अवतरल्या : कलर्सवर एकता कपूर निर्मित आणि लाइफ ओकेवर ‘प्रेम या पहेली’. चित्रतंत्र दोन्हींचे नव्वदीतल्या मालिकेपेक्षा किती तरी सरस, पण त्यांना ‘यक्कू’ सापडला नाही. तोपर्यंत घराघरात डिश होती, रविवार सकाळ कोणाचीच राखीव नव्हती, आणि ज्यांना जुनी आठवत होती ते नवीला जुन्याच मापाने मोजत होते. पुस्तक न वाचता मालिकेला मूळ मानणारा प्रेक्षक अखेर मूळनिष्ठ वाचकासारखाच वागला, एवढे नोंदवून ठेवण्याजोगे आहे.

कादंबरी देवनागरीतच असल्याने मराठी वाचकाला ती थेट वाचता येते. हिंदीही सोपी, बोलण्यातली आहे. मालिकेचे भाग आधी पाहिले असतील तर चारही भाग क्रमाने वाचावेत आणि ‘चंद्रकांता संतति’ या चोवीस भागांच्या पुढच्या कथेकडे त्यानंतरच वळावे. क्रूरसिंहासाठी मात्र मालिकेचे पहिले काही भाग पाहण्याला पर्याय नाही.