जशीच्या तशी

नक्कल या विद्येशी माझा पहिला संबंध सातवीत आला, आणि तोही सख्ख्या मामांच्या डोळ्यांदेखत. तेव्हा मी शिकायला तिरोड्याला मामांकडे होतो आणि मामा आम्हाला भूगोल शिकवीत. सहामाहीत प्रश्न आला, ‘आपल्या जिल्ह्यातील तलावांचे महत्त्व सांगा.’ शेजारच्या मुलाने पानभर मजकूर लिहिला होता. तो सगळा उतरवायचा मला कंटाळा आला. मी त्याचं सार काढलं : ‘आमच्या जिल्ह्यात पुष्कळ तलाव आहेत. त्यांचे महत्त्व फार आहे.’

मामांनी दोन्ही पेपर शेजारी ठेवले, चष्मा पुसला आणि म्हणाले, “नक्कल केली त्याच्या दोन छड्या. अर्धी केली त्याच्या चार.”

हा हिशेब मला पुढे चाळीस वर्षं कळला नाही. तो कळायला एका डीव्हीडीचं निमित्त व्हावं लागलं.

त्याचं असं झालं. डिसेंबर २००५ मध्ये आम्ही सगळे भाऊबंद मामांकडे जमलो आणि बोदलकसाला सहलीला गेलो. तिरोडा तालुक्यातलं हे गाव. नागझिऱ्याचं अभयारण्य जवळ, चोरखमाऱ्याचा तलाव जवळ आणि बोदलकसाचा स्वतःचा तलाव म्हणजे डोंगरांनी ओंजळ करून धरलेलं पाणी. थंडीत तिथे परदेशी बदकं येतात. आमच्या कुटुंबातली माणसं त्या दिवशी पाहुणी म्हणून त्यांच्याहून जास्त कलकल करीत होती, हे मी निःपक्षपातीपणे नमूद करतो.

पुण्याच्या मामेभावाने नवा हँडीकॅम आणला होता. नवा कॅमेरा घेतलेला माणूस आणि नवा जावई दोघेही सारखेच. त्यांना थोपवता येत नाही. त्याने मामींना तीनदा गाडीतून उतरायला लावलं, मला भाकरीचा घास दोनदा घ्यायला लावला आणि शेवटी स्वतःला भूक लागल्यावर कॅमेरा एका दगडावर ठेवून जेवायला बसला. बंद करायचा विसरला. पुढे घरी जाऊन त्याने दोन डिस्क केल्या, प्रत्येकी एक तासाच्या. एक जोड माझ्याकडे नागपूरला, एक मामींकडे.

आम्ही त्या एकदा पाहिल्या. दुसऱ्या डिस्कच्या शेवटी तो दगडावरचा भाग आला. पडद्यावर नुसतं पाणी. मागून कोणीतरी काहीतरी बोलतंय. “संपलं वाटतं,” असं म्हणून मंडळी चहाला उठली.

२००९ साली मला व्यवस्थितपणाचा झटका आला. या डिस्कची एक जादा प्रत असावी असं वाटलं. गल्लीतल्या दुकानदाराने दोन्ही डिस्क हातात घेऊन त्यांचं वजन केल्यासारखं केलं आणि म्हणाला, “साहेब, दोन कशाला? दोनाची एक करून देतो. क्वालिटी सेम टू सेम.” दोनाची एक म्हटल्यावर मध्यमवर्गीय माणसाच्या मनात जी आनंदाची लहर उठते ती उठली. प्रत आली. मूळ डिस्क मोकळ्या झाल्या. सौ.ने त्या दोऱ्याला बांधून गॅलरीत टांगल्या, कबुतरं उडवायला. कबुतरांना दोनच दिवसांत त्यांची सवय झाली. उन्हाला मात्र झाली नाही. त्याने त्या डिस्क पुरत्या संपवल्या.

२०१२ मध्ये मामा गेले. वर्षश्राद्धाला सगळे माझ्याकडे जमले होते. जेवणं झाल्यावर मामी हळूच म्हणाल्या, “ते दगडावरचं लाव ना. तलावाचं सांगत होते ते.”

मी ‘दोनाची एक’ लावली. मामा आले. ओळखू आले, कारण आम्हाला माहीत होतं की ते मामा आहेत. बोदलकसाच्या तलावावर बाथरूममध्ये असतात तशा चौकोनी फरशा बसवल्या होत्या. बदकांच्या जागी करड्या चौकटी पोहत होत्या. आणि दगडावरचा भाग नव्हताच. मी दुसऱ्या दिवशी दुकानदाराला गाठलं. तो निरागसपणे म्हणाला, “त्यात काही नव्हतं साहेब. नुसतं पाणी दिसत होतं. जागा वाचवली.”

मला एकदम सातवीतला माझा पेपर आठवला.

मराठी माणसाला दुःख झालं की तो इतिहासात शिरतो. मीही शिरलो. प्रथम या डिस्कचाच इतिहास पाहिला. डीव्हीडी १९९६ च्या अखेरीस जपानात बाजारात आली. साध्या कोऱ्या डिस्कची मावणी ४.७ जीबी. बाजारातले चित्रपट मात्र बहुधा दोन थरांच्या डिस्कवर येत, त्यांची मावणी ८.५ जीबी. म्हणजे पायलीचं धान्य अधोलीत भरायचं. मग लोकांनी चित्र दाबून बसवणारे प्रोग्राम काढले. मुळात डीव्हीडीवरचं चित्र आधीच एकदा दाबलेलं असतं. ते पुन्हा दाबणं म्हणजे रस काढून झालेला ऊस परत चरकात घालणं. दाबताना सगळ्यात आधी बळी जातो तो बारीक आणि सतत हलणाऱ्या गोष्टींचा : पानांची सळसळ, पाण्यावरच्या लहरी. म्हणजे बोदलकसा.

ज्यांना प्रत अस्सल हवी होती त्यांनी दोनच मार्ग धरले. एक, दोन थरांची कोरी डिस्क घेणे. ती २००४ च्या सुमारास मिळू लागली, पण तिची किंमत ऐकून माणूस पुन्हा अधोलीकडे वळे. दुसरा, एक चित्रपट दोन डिस्कवर वाटून घेणे. आमच्या भागाला हा मार्ग नवा नाही. १ मे १९९९ ला भंडारा जिल्ह्यातून गोंदिया वेगळा झाला तो याच तत्त्वावर. तलाव तेच, धान तेच. काही दाबलं नाही, काही गाळलं नाही, फक्त दोन डिस्क झाल्या.

पण हा खटाटोप आपल्याकडे डीव्हीडीच्याही फार आधीचा आहे. वैदिकांनी तर प्रत काढायला ताडपत्रसुद्धा वापरलं नाही, मुलगाच वापरला. आणि त्याच्या पाठांतरात चूक राहू नये म्हणून घनपाठ बसवला : एक-दोन, दोन-एक, एक-दोन-तीन, तीन-दोन-एक, पुन्हा एक-दोन-तीन. एखादा शब्द निसटला तर पुढची सगळी गाडी अडते. जागा वाचवण्याचा विचार करणाऱ्या दुकानदाराला हे दाखवलं असतं तर तो म्हणाला असता, “साहेब, एकच ओळ पाच वेळा आहे, चार उडवून देऊ?”

आमच्या विदर्भातलंच उदाहरण घ्या. अमरावतीकडच्या रिद्धपूरला म्हाइंभटांनी १२७८ च्या सुमारास चक्रधरस्वामींच्या आठवणी गोळा करून ‘लीळाचरित्र’ सिद्ध केलं. एकेका आठवणीसाठी ज्याने ती पाहिली त्याच्या गावी जाऊन विचारलं. पुढे परचक्राच्या धामधुमीत मूळ पोथी गेली. मग ज्यांना जेवढं पाठ होतं तेवढं त्यांच्याकडून घेऊन ग्रंथ पुन्हा उभा केला. माणसं वेगवेगळी, म्हणून पाठही वेगवेगळे झाले. पण त्या मंडळींचा प्रामाणिकपणा असा, की आपल्याला आवडला तो पाठ ठेवून बाकीचे त्यांनी फेकले नाहीत. अमक्याचं म्हणणं असं, तमक्याचं तसं, हे ‘वासना’ म्हणून नोंदवून ठेवलं.

याच महानुभावांनी पोथ्यांना कुलूपही घातलं. अक्षरांची अदलाबदल करून सकळ लिपी केली. ग्रंथ सुरक्षित राहिले. इतके, की शेकडो वर्षं बाकीच्या मराठी वाचकांना ते दिसलेच नाहीत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इतिहासाचार्य राजवाड्यांनी त्या लिपीचा उलगडा केला. डीव्हीडीच्या कारखानदारांनीही चित्रपटांना असंच सांकेतिक कुलूप घातलं. त्याला सहा शतकं लागली नाहीत. १९९९ मध्ये नॉर्वेतल्या यॉन योहान्सन नावाच्या शाळकरी वयाच्या पोराने आणि त्याच्या साथीदारांनी ते उघडलं. खटला झाला, २००३ मध्ये पोरगा निर्दोष सुटला. आपल्याकडे २०१२ च्या दुरुस्तीनंतर, कॉपीराइटचा भंग करण्याच्या हेतूने असं कुलूप फोडणं हा गुन्हा आहे. मामांच्या डिस्कला कुलूप नव्हतं. मामांच्या घरालाही दिवसा कधी नसे.

आणि नाथमहाराज! ज्ञानेश्वरी १२९० ची. तीनशे वर्षं प्रतींवरून प्रती निघाल्या. प्रत्येक लेखकाने कुठे अक्षर गाळलं, कुठे आपल्या पदरची ओवी भक्तिभावाने सरकवली. एकनाथांनी जुन्या प्रती जमवून, ताडून, १५८४ मध्ये शुद्ध पाठ सिद्ध केला. नाथांच्या तोडीचा दुसरा कवी महाराष्ट्रात शोधावा लागेल. तरी त्यांनी ज्ञानेश्वरांच्या ओवीत स्वतःची भर घातली नाही. स्वतःला येत असूनही दुसऱ्याचं जसंच्या तसं ठेवायचं, याला फार मोठा माणूस लागतो. आम्ही दोन ओळींचं निमंत्रण उतरवताना त्यात दोन विशेषणं घालतो.

चित्रपटाची कथा तर करुणच. दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ ला मुंबईच्या कॉरोनेशन थिएटरात लागला. चार रिळांचा चित्रपट. १९१७ मध्ये फाळक्यांनी तीच गोष्ट पुन्हा चित्रित केली. आज पहिलं आणि शेवटचं अशी दोनच रिळं उरली आहेत, आणि ती १९१३ ची की १९१७ ची यावर अभ्यासकांचा वाद आहे. राजाने स्वप्नात दिलेलं दानसुद्धा पाळलं. आपल्याला त्याची मधली दोन रिळं पाळता आली नाहीत. पुण्यात चित्रपट संग्रहालय निघालं ते १९६४ मध्ये, फाळके जाऊन वीस वर्षं झाल्यावर. तिथेही जानेवारी २००३ मध्ये आग लागून जुन्या नायट्रेट फिल्मा जळाल्या. एका ठिकाणची एकुलती प्रत म्हणजे प्रत नव्हे, नवस!

एवढा इतिहास झाल्यावर मी तिरोड्याची गाडी धरली. मामींनी पलंगाखालची लोखंडी पेटी ओढली. त्यात मामांचं धोतर, शाळेतलं निरोपाचं मानपत्र आणि जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळलेली डिस्कची दुसरी जोडी. “तू दिलेलं काही फेकत नाही मी,” मामी मामेभावाला म्हणाल्या. तो माझ्याकडे पाहून हसला. मी गॅलरीतल्या कबुतरांविषयी बोललो नाही.

मग आम्ही प्रत काढली, या वेळी शहाण्यासारखी. मऊ फडक्याने मधून कडेकडे सरळ रेषेत पुसली. गोल गोल पुसायचं नसतं, ओरखडा रेघेच्या दिशेने गेला तर जास्त मजकूर मरतो. भाच्याने अख्खी डिस्क कणाकणाने कॉम्प्युटरवर उतरवली. मग मूळ डिस्कचा आणि प्रतीचा प्रत्येकी एक ठसा काढला. ठसा म्हणजे सगळ्या मजकुरावर गणित करून आलेला एक आकडा. एक कण इकडचा तिकडे झाला तरी तो बदलतो. दोन्ही ठसे जुळले. मी म्हटलं, “हा घनपाठ झाला.” भाचा म्हणाला, “नाही काका, हॅश.” पिढीपिढीत शब्दाचा फरक असायचाच. त्या प्रतीच्या तीन प्रती केल्या : एक तिरोड्याला, एक पुण्याला, एक नागपूरला. गॅलरीत एकही नाही.

आणि मग ती अकरा मिनिटं लावली. पडद्यावर बोदलकसाचं पाणी, यावेळी फरशांशिवाय. लहरीवर लहर. आणि मागून मामांचा आवाज :

“कसा दिसते पानी, पाय! पाऊस का रोज येते? येते तेव्हा धरून ठेवाव लागते. आपल्या कोहळी लोकायनं म्हनून एकच मोठा तलाव नाही बांधला. गावोगाव बांधले. शेताशेतात बोड्या केल्या. एकीची पाळ फुटली त दुसरी रायते. एकाच्या भरवशावर नाही राहाव, बापू.”

मग थोडा वेळ नुसते पक्षी. मग मामा म्हणतात, “समजला का?”

उत्तर येत नाही. येतं ते एक संथ, समाधानी घोरणं. माझं.

म्हणजे सातवीत जे उत्तर मी अर्धं उतरवलं होतं ते मामांनी मला चाळीस वर्षांनी पूर्ण सांगितलं, आणि मी भाकरी खाऊन झोपलो होतो. “झोपला वाटते,” मामा म्हणतात, रागाने नाही. आणि तरी पुढे सांगतच राहतात, पाण्याकडे पाहत, संपेपर्यंत.

खोलीत कोणी बोललं नाही. मामी पदराने डोळे पुसत होत्या. बऱ्याच वेळाने सौ. हळूच म्हणाली, “ते घोरणं तेवढं काढून टाकता येईल का हो?”

येतं. भाच्याने दोन मिनिटांत काढून दिलं असतं. पण मला मामांची छडी आठवली. नको म्हटलं. आहे तशी राहू दे.