हाडांत लिहिलेला क्षयाचा इतिहास

इतिहास म्हटला की राजे, लढाया आणि सनावळ्या आपल्या डोळ्यांसमोर येतात. परंतु माणसाचा इतिहास जसा तख्ताचा आहे, तसाच तो त्याच्या दुखण्याखुपण्यांचाही आहे. या दुसऱ्या इतिहासाकडे मी वळलो तो एका प्रसंगामुळे.

काही वर्षांपूर्वी माझ्या वर्गातील एक हुशार मुलगी तीन आठवडे शाळेत आली नाही. चौकशीसाठी घरी गेलो. "मामूंकडे गेली आहे," असे तिच्या दादींनी आधी सांगितले. चहा झाल्यावर मात्र दार लोटून घेत त्या हळूच म्हणाल्या, "सर, पोरीला टी.बी. निघालाय. कुणाला बोलू नका. आमच्या खानदानात हा आजार कधीच नव्हता. उद्या तिचं लग्न जमवायचंय." मुलगी आतल्या खोलीत होती आणि आमचे बोलणे तिला ऐकू जात होते.

"आमच्या खानदानात कधीच नव्हता" हे शब्द माझ्या मनातून गेले नाहीत. मी वैद्य नव्हे, इतिहासाचा शिक्षक आहे. तेव्हा हा आजार मानवाच्या खानदानात केव्हापासून आहे, हे तरी शोधावे म्हणून वाचन सुरू केले. त्यातून जे हाती लागले, ते वाचकांपुढे ठेवीत आहे.

क्षय मुख्यतः फुप्फुसांचा रोग आहे आणि मृत्यूनंतर फुप्फुसे मातीत मिसळून जातात. मग पुरावा राहतो कोठे? उपचार न झालेल्या शंभर रोग्यांपैकी साधारण तीन ते पाच जणांत हा रोग हाडांपर्यंत पोहोचतो. त्यातही पाठीच्या कण्यावर त्याचा विशेष रोख असतो. मणके पुढल्या बाजूने झिजून ढासळतात व पाठीला कुबड येते. ही खूण हजारो वर्षे टिकते. इजिप्तमधील आमोन दैवताचा पुजारी नेसपेरेहान याची ममी सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीची आहे. १९१० साली तिचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात ढासळलेले मणके तर आढळलेच, शिवाय कण्यालगतच्या स्नायूत पुवाच्या मोठ्या गळवाची खूणही आढळली. राजाश्रय लाभलेल्या, पोटभर जेवणाऱ्या पुजाऱ्यालाही या रोगाने सोडले नव्हते.

आपल्या उपखंडाची साक्षही अशीच आहे. हडप्पा येथील सांगाड्यांचा अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. त्यांत कुष्ठरोग आणि क्षय या दोहोंच्या खुणा मिळाल्या. ते भरभराटलेले नगर मोडकळीस येऊ लागले, त्या काळात या रोगांचे प्रमाण वाढलेले दिसते. घडी विस्कटली की रोग बळावतो, ही गोष्ट चार हजार वर्षांपूर्वीही खरी होती.

आपल्या पूर्वजांनाही हा रोग परिचयाचा होता. आयुर्वेदाने त्याला राजयक्ष्मा म्हटले, उर्दूत तो तपेदिक झाला. इ.स. १०३७ मध्ये निवर्तलेले थोर हकीम इब्न सीना यांनी आपल्या 'अल्-कानून' या ग्रंथात हा रोग एकापासून दुसऱ्यास लागणारा मानला होता. तरीही पुढे कित्येक शतके अनेक विद्वान त्यास रक्तातून येणारा, घराण्याचा रोग समजत राहिले. अखेर २४ मार्च १८८२ रोजी बर्लिन येथे रॉबर्ट कॉख यांनी या रोगाचा जंतू शोधल्याचे जाहीर केले आणि त्या वादावर पडदा पडला.

पण हा जंतू आला कोठून? अनेक वर्षे असे शिकवले जाई की, माणसाने गुरे पाळली तेव्हा गुरांचा क्षय माणसाला लागला. २००२ साली जंतूंच्या आनुवंशिक द्रव्याची, म्हणजे डी.एन.ए.ची, तुलना झाली आणि ही समजूत उलटली. गुरांच्या जंतूतील कित्येक भाग गळून गेलेले आहेत, तर माणसाच्या जंतूत ते शाबूत आहेत. जे एकदा गळून गेले ते पुन्हा जसेच्या तसे येत नाही. अर्थात माणसाचा जंतू गुरांच्या जंतूपासून झालेला नाही. आपण उगाच बिचाऱ्या गाईला दोष देत होतो!

येथे एक दाखला देतो. छापखाना नव्हता तेव्हा कातिब हाताने ग्रंथांच्या नकला करीत. एकाची चूक त्याच्या नकलेवरून पुढची नक्कल करणाऱ्याकडे जाई, आणि त्यात नवी भर पडे. चुकांची तुलना करून कोणती प्रत कोणत्या प्रतीवरून उतरली, हे सांगता येते. जंतूही वाढताना आपल्या डी.एन.ए.ची नक्कल करतो व त्यात क्वचित चूक राहते. ज्याचा काळ ठाऊक आहे अशा जुन्या हाडातील जंतू मिळाला, तर चुका किती वेगाने साचतात याचा हिशेब मांडून मूळ प्रत किती जुनी, हे काढता येते.

याच रीतीने २०१४ साली पेरू देशातील सुमारे हजार वर्षांपूर्वीच्या तीन सांगाड्यांची तपासणी प्रसिद्ध झाली. कोलंबस अमेरिकेस पोहोचला १४९२ मध्ये, म्हणजे हे लोक त्याच्या कित्येक शतके आधीचे. त्यांच्या हाडांतील जंतू आज सील या सागरी प्राण्यात आढळणाऱ्या जंतूच्या सर्वांत जवळचा निघाला. आफ्रिकेच्या किनाऱ्यावर सीलना लागण झाली, त्यांनी ती समुद्रापार नेली आणि त्यांची शिकार करणाऱ्या माणसांना ती लागली, असे संशोधकांचे अनुमान आहे. त्याच हिशेबाने या जंतुकुळाचा मूळ पूर्वज सहा हजार वर्षांच्या आतला ठरला. स्वीडनमधील लुंडचे बिशप पेडर विनस्ट्रुप १६७९ साली वारले. त्यांच्या जतन झालेल्या शवातील फुप्फुसाच्या गाठीतून मिळालेल्या जंतूनेही २०२० साली याच आकड्यास दुजोरा दिला.

मात्र सर्व विद्वानांचे यावर एकमत नाही. इस्राएलच्या किनाऱ्याजवळ पाण्याखाली गेलेल्या अतलित-याम या वस्तीत सुमारे नऊ हजार वर्षांपूर्वीची एक स्त्री आणि एक तान्हे मूल पुरलेले मिळाले. दोघांनाही क्षय होता असे २००८ साली मांडले गेले. हे खरे असेल तर सहा हजारांचा हिशेब बदलावा लागेल. वाद चालू आहे. विद्यार्थ्यांनी यातून एवढे घ्यावे की, शास्त्रात चूक कबूल करण्यात कमीपणा नसतो.

हंगेरीतील वाट्स या गावी १९९४ साली एका चर्चच्या तळघरात दोनशेहून अधिक शवपेट्या सापडल्या. बहुतेक शवे अठराव्या शतकातील होती व कोरड्या हवेमुळे टिकून राहिली होती. त्यांपैकी आठ जणांच्या शवांतील जंतूंचा अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. आठांपैकी पाच जणांच्या शरीरात एकाहून अधिक प्रकारचे क्षयजंतू होते. एका घरातून दुसऱ्या घरात रोग किती मोकाट फिरत असेल, याची यावरून कल्पना यावी. त्या लोकांजवळ औषध नव्हते.

आपल्याजवळ आहे. स्ट्रेप्टोमायसिनचा शोध १९४३ साली लागला, पुढे आणखी औषधे आली. मद्रास येथील अभ्यासाने १९५९ साली जगाला दाखवून दिले की, नियमित औषध घेणारा रुग्ण घरी राहूनही आरोग्यधामातील रुग्णाइतकाच बरा होतो, आणि त्यामुळे घरच्यांना जादा धोका होत नाही. आज साध्या क्षयावर साधारण सहा महिन्यांचा उपचार पुरतो आणि सरकारी केंद्रात तो मोफत मिळतो. तरीही जगातील क्षयरुग्णांपैकी सुमारे चौथा हिस्सा आपल्या देशात आहे. लाजेपोटी खोकला लपवणे आणि बरे वाटू लागताच औषध सोडणे, या दोन गोष्टी या रोगाच्या सर्वांत मोठ्या मदतनीस आहेत.

दादींकडे मी पुन्हा गेलो, तेव्हा नेसपेरेहानची हकीकत त्यांना सांगितली. त्या बराच वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे बादशाही लोकांनाही होता तर!" मुलीचे औषध त्यांनी शेवटच्या गोळीपर्यंत स्वतः देखरेखीखाली दिले. मुलगी बरी झाली, शाळेत परत आली आणि दहावी उत्तीर्ण झाली.

पालकहो, ज्या खानदानात क्षय कधीच नव्हता, असे खानदान हाडांच्या या दप्तरात शोधूनही सापडणे कठीण आहे. पुजारी, बिशप, कोळी, आई आणि तान्हे मूल या सर्वांची नावे त्यात आहेत. तेव्हा घरात कोणाचा खोकला दोन आठवड्यांहून अधिक लांबला, तर दार लोटून घेऊ नका. दार उघडा आणि दवाखान्यात जा.