गोपकपट्टणचा जहाजकर

अकराव्या शतकाच्या मध्यावर गोव्याच्या, म्हणजे तेव्हाच्या गोपकपट्टणच्या, बंदरात येणाऱ्या जहाजांवर एक पट्टी बसवण्यात आली. तिच्या उत्पन्नातून एका मशिदीचा खर्च चालायचा होता. पट्टी बसवली ती कदंब राजा पहिला जयकेशी याच्या राज्यात, आणि मशीद उभारणारा होता त्याचाच अधिकारी, अरब व्यापाऱ्याचा वंशज. हा तपशील १०५० च्या दशकातल्या दानपत्रांत आहे. ‘पणजी ताम्रपट’ या नावाने अभ्यासक ज्याचा उल्लेख करतात, तो यांतलाच. याच अधिकाऱ्याच्या घराण्याबद्दलचा आणखी एक मजकूर अठराव्या शतकातल्या पोर्तुगीज भाषांतरातून हाती लागतो. जॉर्ज मोराईस यांनी १९३१ साली प्रसिद्ध केलेल्या ‘कदंब कुल’ या ग्रंथात त्याचा भरपूर उपयोग केला आहे.

घराणे तीन पिढ्यांचे. संस्कृत पटात आजोबा अलियम, मुलगा मधुमद, नातू छडम. पोर्तुगीज भाषांतरात मधुमद आणि छडम हे ‘मादुमोद’ आणि ‘सादानो’ होऊन येतात. त्या काळचे लेख अरबांना ताजिक म्हणतात आणि मधुमद म्हणजे उघडच मुहम्मद. मशिदीला पटात ‘मिजिगिति’ म्हटले आहे. राजकुळाशी या घराण्याचा संबंध कसा जुळला याचीही हकिकत दिलेली आहे. गुहल्लदेव नावाचा कदंब राजा समुद्रमार्गे सोमनाथच्या यात्रेला निघाला, वाटेत जहाजाची डोलकाठी मोडली, त्याला गोव्याच्या बंदराचा आसरा घ्यावा लागला, आणि तिथे मधुमदाने त्याला मदत केली. पुढे जयकेशीने छडमला मोठे अधिकारपद दिले.

डोलकाठीच्या गोष्टीपेक्षा पट्टीच्या कलमावर माझा भरवसा अधिक आहे. उपकारकर्त्याची कथा प्रशस्तीत रंगवून सांगण्याची रीतच होती. कराचे तसे नसते. कर लावला की तो कोणाकडून घ्यायचा, कशासाठी घ्यायचा हे नेमके लिहावे लागते, कारण उद्या तो धक्क्यावर वसूल करायचा असतो आणि भरणारा वाद घालणार असतो. भाषांतरातल्या मजकुरात कोणकोणत्या मुलखांशी या बंदराची ये-जा होती त्याची नावे येतात: सिंहल, पांड्य, केरळ, गौड. ‘झांगवार’ असेही एक नाव आहे. मोराईस यांच्या मते ते झांझिबार. पोर्तुगीज कानांतून गेलेली काही नावे ओळखण्यापलीकडे गेली आहेत, पण या चार-पाच नावांतही लंकेपासून बंगालपर्यंतचा आणि आफ्रिकेपर्यंतचा समुद्र मावतो.

अशी नेमणूक कोकणात नवी नव्हती. आजच्या पालघर जिल्ह्यातल्या चिंचणी गावी राष्ट्रकूट राजा तिसरा इंद्र याच्या काळचा शके ८४८ चा, म्हणजे इसवी सन ९२६ चा ताम्रपट मिळाला. दिनेशचंद्र सरकार यांनी तो वाचून प्रसिद्ध केला. त्यात संजानचा कारभार पाहणारा मधुमति हाही ताजिकच आहे. त्याने दोन नद्यांवर फुकट होडी सुरू केली, भात, कालवण आणि तूप वाढणारे अन्नछत्र घातले, आणि एका मठिकेला कानाडुक नावाचे गाव व शेजारची जमीन मिळवून दिली. मुसलमान अधिकारी हिंदू मठिकेची सोय लावतो. सव्वाशे वर्षांनी हिंदू राजाच्या राज्यात मशिदीची सोय लागते.

दोन्ही दानांत अर्थशास्त्राच्या दृष्टीने मात्र मोठा फरक आहे. चिंचणीच्या मठिकेचे उत्पन्न जमिनीतून आले. ते पावसावर हलते, पण गाव कुठे जात नाही. गोव्याच्या मशिदीचे उत्पन्न रहदारीतून येणार होते. जहाजे वाढली तर वाढेल, वाऱ्याचा हंगाम हुकला तर आटेल. ज्या संस्थेचे पोट बंदरावर चालते तिला बंदर चालते ठेवण्यात रस असतो.  राजाने व्यापाऱ्यांच्या संस्थेचा भार व्यापारावरच टाकला.

ताम्रपट राजाचे दान नोंदवतो, व्यापाऱ्याची वही नव्हे. ही जहाजे भरायला पैसा कोणी आणि कोणत्या अटीवर दिला, यासाठी कैरोकडे वळावे लागते. जुन्या कैरोतल्या, म्हणजे फुस्तातमधल्या, बेन एझ्रा सिनेगॉगच्या कोठीत शतकानुशतके कागद साठले होते. १८९६-९७ मध्ये त्यांतले बरेचसे केंब्रिजला गेले. एस. डी. गॉइटाइन यांनी त्यांतून हिंदुस्थानच्या व्यापाराची पत्रे वेचून काढली. त्यांत अब्राहम बेन यिजू हा ज्यू व्यापारी भेटतो. ११३२ पासून ११४९ पर्यंत त्याचा मुक्काम मुख्यतः मंगळूरला होता. तिथे त्याचा पितळी-काशाच्या भांड्यांचा कारखाना होता. मिरी, सुपारी, लोखंड तो एडनला मदमून या व्यापारीप्रमुखाकडे धाडी. बोम्मा नावाचा त्याचा तुळू मुलखातला गुलाम मुनीम माल घेऊन एडनला जाई. एकाच जहाजावर सगळा माल चढवायचा नाही, दोन-तीन जहाजांत वाटायचा, ही खबरदारी या कागदांत पुन्हा पुन्हा दिसते.

या वर्तुळातले ज्यू व्यापारीही मुसलमानांचा भागीदारीचा करार वापरत. त्याला किराद म्हणत. दुसरे नाव मुदारबा. पेडणे-डिचोलीतून आखातात नोकरीला गेलेल्या एखाद्याने तिथल्या बँकेच्या पत्रकात ते वाचलेही असेल. एकाचे भांडवल, दुसऱ्याची मेहनत. नफा आधी ठरलेल्या हिश्शाने वाटायचा. तोटा झाला तर भांडवल भांडवलवाल्याचे बुडते, फिरणाऱ्याची मेहनत वाया जाते; त्याच्यावर कर्ज उरत नाही. व्याज निषिद्ध, पण पैशावर कमाई निषिद्ध नाही. अट एवढीच की कमावणाऱ्याने बुडण्याची जोखीमही घ्यावी.

आता गोव्याच्या मुलखाचा कायदा पाहा. याज्ञवल्क्यस्मृतीत तारण ठेवून घेतलेल्या कर्जाला महिन्याला ऐंशीवा भाग, म्हणजे सव्वा टक्का व्याज सांगितले आहे. अरण्यातून माल नेणाऱ्याला मात्र शेकडा दहा आणि समुद्रावर जाणाऱ्याला शेकडा वीस, तेही दरमहा. कल्याणी चालुक्य राजा सहावा विक्रमादित्य याच्या आश्रयाने विज्ञानेश्वराने ‘मिताक्षरा’ लिहिली, आणि तिथे या चढ्या दराचे कारण दिले: मुद्दलच बुडण्याची धास्ती. गोव्याचे कदंब याच चालुक्यांचे मांडलिक. दुसरा जयकेशी तर विक्रमादित्याचा जावई. आज अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षात जोखमीचा अधिभार म्हणून जे शिकवतात, ते कल्याणीच्या पंडिताने एका वाक्यात सांगून ठेवले आहे. समुद्राची भीती एकच होती. धर्मशास्त्राने ती दरात घातली, शरियतने ती हिश्शात घातली.

यावरून गोपकपट्टणच्या पट्टीचा भार अखेर कोणावर पडला असेल हेही मांडता येते. समजा भांडवल १००० दिनार, नफा ३०० आणि वाटणी निम्मी. प्रत्येकाला १५०. आता बंदरात २० दिनार पट्टी भरावी लागली. किरादमध्ये जकात हा धंद्याचा खर्च. तो वजा करून उरलेल्या नफ्याची वाटणी होते. मदमूनने बेन यिजूला पाठवलेल्या हिशेबांतही एडनची जकात वजा केलेली दिसते. म्हणजे नफा २८०, प्रत्येकी १४०. हेच १००० दिनार व्याजाने उचललेले असते, तर सावकाराचे व्याज तेवढेच राहून पुरे २० कर्जदाराच्या अंगावर आले असते. मशिदीच्या पट्टीचा भार करारागणिक वेगळा पडे: कर्जाच्या मालावर तो धक्क्यावर उभ्या असलेल्या एकट्याने सोसला, आणि किरादच्या मालावर त्यातला निम्मा समुद्रापलीकडे घरी बसलेल्या, गोवा कधी न पाहिलेल्या भांडवलदाराने.