ओला दाणा वर ठेवा

इ. स. ६३०. फजरची, म्हणजे पहाटेची नमाज आटोपून माणसं मशिदीतून बाहेर पडताहेत. त्यांच्या मागोमाग तुम्ही पश्चिमेकडच्या मोकळ्या मैदानावर येता. हा मदिनेचा बाजार. इथं पक्के गाळे नाहीत, जागेचं भाडं नाही, करवसुली नाही. जो आधी येईल त्यानं जागा धरावी. तुम्हीही कडेला चटई अंथरता. तुमच्याकडे खजुराचं एक पोतं आहे. माल गेल्या हंगामाचा, मिसळीचा, थोडा किडलेला. तो खपवायचा आणि घरी उत्तम बरनी खजूर न्यायचा, एवढाच तुमचा बेत.

शेजारचा धान्यवाला रास रचतोय, पण उलटी. कोरडे दाणे खाली, ओले वर. असं का, तुम्ही विचारता.

“मी आधी सरळच रचत होतो,” तो म्हणतो. “पावसानं भिजलेला माल खाली, सुका वर. एकदा पैगंबर इथून जात होते. त्यांनी राशीत हात घातला आणि बोटांना ओल लागली. पाऊस लागला, असं मी सांगितलं. मग लोकांना दिसेल असा तो वर का ठेवला नाहीस, असं त्यांनी विचारलं. फसवणारा आपल्यातला नव्हे, असंही बजावलं. पाऊस पडणं माझ्या हातात नव्हतं. लपवणं होतं.”

तुमचा हात नकळत आपल्या पोत्याकडे जातो.

पलीकडे मेंढ्यांचा सौदा चाललाय. एकीची कास तटतटलेली आहे. गिऱ्हाईक भुलतं, पण एक म्हातारा पुढं होऊन मालकाला दटावतो. दोन-तीन दिवस धार न काढता दूध तुंबवलं की मेंढी दुभती दिसते. अशी फसगत झाली तर जनावर तीन दिवसांत परत करता येतं, आणि काढलेल्या दुधाबद्दल एक साअ खजूर दिला की झालं. साअ म्हणजे भरल्या चार ओंजळी. मापात पाप करणाऱ्यांना कुराणात एका स्वतंत्र सूरेनं फटकारलंय, म्हणून इथं माप शिगोशीग भरलं जातं.

दूर धूळ उठते. तांडा येतोय. एक चलाख दलाल वेशीबाहेर जाऊन तांड्यातल्या बद्दूंना गाठायच्या तयारीत आहे, म्हणजे बाजारभाव कळण्याआधी त्यांचा माल स्वस्तात पदरात पडेल. लोक त्याला अडवतात. तांडा आधी बाजारात पोचला पाहिजे, त्याला भाव कळला पाहिजे. टंचाईत भाव चढावा म्हणून धान्य दाबून ठेवणाऱ्यालाही इथं गुन्हेगार मानतात.

आता तुमची पाळी. समोर बरनी खजुराची टोपली दिसते. तुम्ही तिच्या मालकाला म्हणता, माझे दोन साअ घे, तुझा एक दे. तुमच्या लेखी हा सरळ हिशेब आहे. तो मात्र मान हलवतो. ज्यांची अजान तुम्ही पहाटे ऐकलीत, त्या बिलाल यांनीही हेच केलं होतं. हलक्या खजुराचे दोन साअ देऊन बरनीचा एक घेतला आणि पैगंबरांपुढे ठेवला. हे तर साक्षात व्याज, असं त्यांनी बिलालना सांगितलं; आधी आपला माल वेगळा विकावा, मग आलेल्या पैशातून दुसरा घ्यावा.

मग तुम्ही तसंच करायचं ठरवता. गिऱ्हाईक येतं. त्याच्या हातात इराणी चांदीचा दिरहम आहे, सासानी बादशहाची छबी असलेला. अरबांचं स्वतःचं नाणं अजून पडलेलं नाही. तुम्ही पोतं ओतता आणि किडके खजूर निवडून वर मांडता. “हे गेल्या हंगामाचे आहेत,” तुम्ही सांगता. तो भाव पाडतो, तुम्ही कबूल करता. दोघं समोरासमोर आहात तोवर कुणीही सौदा मोडू शकतो. तो मोडत नाही. जागचा हलतो, आणि सौदा पक्का होतो.

एक लाकूडतोड्या मोळी घेऊन जातो आणि तुम्हाला ऐकलेली एक हकीकत आठवते. मदिनेचा एक गरजू माणूस पैगंबरांकडे मागायला आला. त्यांनी त्याच्या घरातलं जाजम आणि वाडगा मागवून लिलावात दोन दिरहमांना विकला. एका दिरहमचं अन्न घरी धाडायला सांगितलं, दुसऱ्याची कुऱ्हाड आणवून स्वतः तिला दांडा बसवला. पंधरा दिवसांनी तो माणूस दहा दिरहम कमावून परतला.

मग दोन्ही बाजू राजी असल्या की कुठलाही सौदा चालतो का? नाही. दारूबंदीची वार्ता न कळलेल्या एकानं पैगंबरांना दारूची पखाल भेट आणली होती. बंदीचं कळताच कुणीतरी त्याच्या कानात कुजबुजलं की विकून टाक. पिणं ज्या अल्लाहनं निषिद्ध केलं त्यानंच विकणंही निषिद्ध केलंय, हे पैगंबरांकडून ऐकल्यावर त्या माणसानं पखालीचं तोंड सोडून ती रिती केली. तिला खुशीनं घेणारं गिऱ्हाईक मिळालं असतं. अडलेला कर्जदारही व्याजाला हो म्हणतोच. आणखी दोन वर्षांनी, ६३२ मध्ये, अरफातच्या मैदानावर पैगंबर जुनं सगळं व्याज रद्द करतील आणि सुरुवात करतील ती स्वतःचे चुलते अब्बास यांना येणं असलेल्या व्याजापासून. मुद्दल मात्र ज्याचं त्याला मिळेल. बुडवेगिरीला इथं मुभा नाही आणि सावकारीलाही नाही.

आपल्याकडे फसलेल्याला आपण सहज सुनावतो की त्यानं नीट बघून घ्यायचं होतं. मदिनेच्या बाजारात हा बचाव चालत नाही. दाखवायची जबाबदारी विकणाऱ्याची. समोरच्याच्या अज्ञानावर, अडचणीवर किंवा नाशावर मिळणारा पैसा सोडून देणं हेही त्याचंच काम. हलाल कमाई म्हणतात ती हीच, आणि ती कमावण्यासाठी आजही कुठल्या काझीची वाट पाहावी लागत नाही. दुकान उघडताना, करार लिहिताना, मजुराचा हिशेब करताना आपल्याला ठाऊक असलेला दोष आधी आपणच सांगावा. नफा घटेल. घटू द्यावा, तेवढा तो आपला नव्हताच.